गाडी खाली बसवताय? या चुका टाळा

गाडीची उंची कमी करायला (म्हणजे लोअरिंगसाठी) मूळ स्प्रिंग ग्राइंडरने कापू नका. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते आणि लांबीलाही तोकडी पडते. चाक खड्ड्यात पूर्ण खाली गेलं की ती बैठकीतून सुटते. गॅस कटरने कापणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं, आचेने पोलादाचा कस जातो. हजार-पाचशे रुपयांत गाडी 'बसवून' देणाऱ्या गॅरेजात पाऊलच टाकू नका.

दुसरी चूक चांगले मेकॅनिकही करतात, आणि माझा खरा राग तिच्यावर आहे: गाडी रॅम्पवर लटकत असतानाच लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बोल्ट आवळायचे. आर्मच्या सांध्यात बुश असतो, त्यातलं रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जखडते आणि आर्म हलेल तसं रबर पिळतं. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर आल्या क्षणापासून रबर पिळलेलंच राहतं. लोअरिंगमध्ये आर्म आणखी वर जातो, म्हणजे पीळही जास्त.

पावसाळ्यात एक मुलगा स्विफ्ट घेऊन आला होता. प्रत्येक गतिरोधकावर पुढून कर्रकर्र आवाज, आणि गाडी सांगितली होती तेवढी खालीही बसलेली नाही. स्प्रिंगच बनावट म्हणून दुकानदाराशी भांडून झालं होतं, मग दोन्ही शॉक ॲब्सॉर्बरही बदलून झाले होते. टॉर्च लावून पाहिलं तर दोन्हीकडचे बुश फाटलेले. नवे बुश बसवले, आवाज गेला, गाडी खाली आली. स्प्रिंग त्याच होत्या. शॉकचे पैसे फुकट गेले ते गेलेच.

माझी पद्धत सोपी आहे. बोल्ट हातानेच लावायचे, गाडी चारही चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसू द्यायची आणि मग टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोराने आवळणारा पाना. आर्मपर्यंत हात पोचत नसेल तर चाकांखाली भक्कम ठोकळे. यात अर्धा तास जास्त जातो. तेवढाही नसेल तर काम दुसऱ्याकडे द्या.

पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र खांब) खोलताना स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय वरच्या नटाला हात लावू नका. यात 'जरा जपून करतो' असं काही नसतं.

स्टिअरिंग वळवताना टणकन आवाज येतोय? स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत बसलेलं नाही, किंवा वरच्या माउंटचं बेअरिंग गेलंय. छोट्या खड्ड्यालाही आपटतेय? बम्प स्टॉप, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा, पाहा. बऱ्याच लोअरिंग किटमध्ये तो आखूड करायला सांगितलेला असतो, पण सूचना वाचतो कोण! टायर आतून झिजताहेत? चाकांचं अलाइनमेंट केलेलं नाही. ते स्प्रिंग थोड्या बसल्यावर करा, त्याच संध्याकाळी नाही.

आणि गाडी ४० मिमी खाली घ्यायचा हट्ट कशाला? २०१८ च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांतलं अंतर, १६३ मिमी. ४० गेले की उरले १२३, तेही रिकाम्या गाडीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच असतो. आपल्या गल्लीतला कुणी मापाने बांधलाय? चार माणसं बसली की इंजिनखालचं ऑइल चेंबर घासणारच. मी २५-३० च्या पुढे जात नाही.

मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ स्प्रिंग मागवण्याआधी वाचा, आरटीओने अडवल्यावर नाही.