गमतीचं गोल्फ मंडळ काढताय? मग या चुका टाळा

रत्नागिरीत किंवा कुडाळात गोल्फ मंडळ काढायचं आणि मुंबई-आखातातल्या आपल्या माणसांच्या शाखा त्याला जोडायच्या म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मैदान खंय आसा?" आणि लोक जमीन बघायला लागतात. कुणाच्या तरी काकांचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं माळरान, पडून असतो, तिथे सहा भोकं पाडली की झालं, असा हिशेब. इथेच गाडी रुळावरून घसरते. अशा मंडळाला, म्हणजे गोल्फ सोसायटीला, स्वतःचं मैदान लागतच नाही. ब्रिटनमध्ये ऑफिसातले, पबमधले मित्र अशा सोसायट्या काढतात आणि दुसऱ्यांच्या मैदानावर फी भरून खेळतात. मुंबई शाखेला सिडकोचं खारघरचं मैदान आहे, तळकोकणाला गोव्यातलं काणकोण. वर्षातून दोनदा गाडी भरून जा, तेवढं पुरतं.

सड्यावर खणायच्या भानगडीत तर पडूच नका. जांभ्यावर लोखंडी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आपटला की क्लब जातो आणि मनगटाला झिणझिण्या येतात. शिवाय रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ओहोटीला पुळणीवर छोटे फटके छान बसतात, पण वेळास, आंजर्ले, गुहागरला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथून लांब राहा. सरावाला सोयीचा म्हणजे भात कापलेला मळा आणि भोकांचे हलके प्लास्टिकचे चेंडू. मालकाला विचारा आणि कुळीथ पेरलाय का ते आधी बघा. कुळीथ तुडवलात तर मंडळ तिथेच बुडालं.

चेंडूआधी कार्यकारिणी

अध्यक्ष, कार्याध्यक्ष, तीन सल्लागार, आखाती विभागाचे निमंत्रक. लेटरहेड छापून होतं, चेंडू अजून कुणी मारलेला नसतो. शाखेला एकच माणूस पुरे: मैदानाची वेळ घेणारा आणि गुण कळवणारा. सगळ्या शाखांत सामाईक काय, तर एक पानाचे नियम आणि एक चषक. बाकी ज्याचं त्याने बघावं. पदांचा हट्टच असेल तर 'हरवलेले चेंडू खाते' द्या. देवाला गाऱ्हाणं घालणारा मात्र हवाच, हे माझं ठाम मत आहे. "बा म्हाराजा, पयलोच चेंडू व्हाळात जाव नये, असा काय ता कर रे म्हाराजा!" यावर सगळ्या शाखांनी एकदम "होय म्हाराजा" म्हटलं की उद्घाटनाचं भाषण वाचतं.

खरं दुखणं हँडिकॅपचं

हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. भांडणं इथेच होतात, कारण प्रत्येक जण आपला आकडा स्वतःच सांगतो आणि बक्षीस दिसलं की तो फुगतो. २०२० पासून जगभर एकच वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आली आहे. तिच्यात सूट ५४ पर्यंत जाते आणि ५४ होलचे गुण नोंदवले की अधिकृत आकडा मिळतो. पण गमतीच्या मंडळात निम्म्यांकडे तो नसतोच. त्यांना सुरुवातीला १८ होलच्या फेरीला ३६ द्या, म्हणजे होलमागे दोन, आणि पहिल्या तीन फेऱ्यांना बक्षीस नाही. नंतर गुणांची कार्डं बघून आकडा ठरवा. जो जिंकेल त्याची सूट पुढच्या वेळी दोनने कापा, मग तो कुणाचाही मेव्हणा असो.

गुण मोजायला स्टेबलफोर्ड पद्धत घ्या. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची ही पद्धत १९३२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात स्पर्धेला वापरली गेली. सूट वजा करून पार, म्हणजे त्या होलला ठरलेले फटके, झाला तर दोन गुण, एक फटका कमी लागला तर तीन, एक जास्त लागला तर एक. त्याहून वाईट खेळलात तर शून्य, मुकाट्याने चेंडू उचला. एका होलवर अकरा फटके मारून बाकीच्यांची सकाळ कुणाला खाता येत नाही. आणि आपल्या हँडिकॅपइतकंच खेळलं तर १८ होलना ३६ गुण होतात, म्हणून मस्कतवाला मस्कतमध्ये आणि पनवेलवाला खारघरला खेळूनही तुलना जमते. चषकासाठी प्रत्येक शाखेची चांगली चार कार्डं धरा.

एकच माणूस सारखा ४२ आणत असेल तर त्याची सूट सैल आहे. अख्खी शाखाच ४० च्या वर असेल तर मैदान सोपं असणार. त्याचं स्लोप रेटिंग, म्हणजे अवघडपणाचा आकडा, विचारा. मध्यम अवघड मैदानाचं ११३ धरतात, त्याखाली असेल तर सूट कमी करा. सभासदांवर आरोप नंतर.

तारीख

जून ते सप्टेंबर विसरा. गणपतीत चाकरमानी गावी सापडतात खरे, पण आरती सोडून चेंडू मारायला येणार कोण? शिमग्यात ज्याच्या घरी पालखी येणार, त्याला तर विचारूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आखातालाही सोसतं. वार शनिवार. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार. दोघांना सामाईक एवढाच. दोन्हीकडची घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास मागे आहेत, तेव्हा निकाल सांगायची वेळ संध्याकाळची ठेवा.

पैसे आणि चषक

सगळ्यांचे पैसे एका खात्यात जमवू नका. भारतीय पासपोर्टवाल्याने परदेशातून स्वतःच्या बचतीतून दिलेल्या देणगीची गोष्ट वेगळी. परदेशी नागरिकाच्या देणगीला मात्र परकीय योगदानाचा कायदा लागू होतो. शाखेचे पैसे शाखेकडे राहिले की हा व्यापच नको. मोठी देणगी आलीच तर आधी सीएला विचारा.

फिरता चषक सुक्या नारळाचा करायची कल्पना हमखास कुणीतरी काढतं. ती तिथल्या तिथे मोडा. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेणाऱ्या मालात धरतात, विमानात नेऊ देत नाहीत आणि चषक विमानतळावरच राहतो. सावंतवाडीच्या चितारआळीत रंगवलेली लाकडी फळं मिळतात. त्यातला एक हापूस घ्या आणि देठाशी विजेत्याचं नाव लिहा.