ब्लॅक ड्रमला खेकडाच लावा
टेक्सासच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टनला गाइड घेऊन ब्लॅक ड्रम मासा पकडायला जायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल बघा, तेव्हा मोठे ड्रम अंडी घालायला जेट्टीकडे गोळा होतात. ल्यूरवर (नकली आमिषावर) पैसे घालवू नका, हा मासा हनुवटीखालच्या मिशांनी तळ चाचपत वासावर खातो, म्हणून निळ्या खेकड्याची पाठ काढून अर्धा करायचा, पायाच्या खोबणीतून सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) घालायचा आणि तळाला पडू द्यायचा. रॉडला टकटक जाणवली तरी झटका नको हं, तो घशातल्या दातांनी कवच फोडत असतो, रॉड नीट वाकला की मग नुसती रील फिरवा. टेक्सासात १४ ते ३० इंचाचे मासे ठेवता येतात, माणशी दिवसाला ५. मोठे प्लीज सोडाच, मांस भरड असतं आणि पुढची पिल्लं त्यांच्याकडूनच येतात.