अ‍ॅप्रॅक्सिया झालेल्या माणसाला दात घासायला कशी मदत करावी

‘नाना, दात घासा ना!’ हे वाक्य आधी सोडून द्या. स्ट्रोकनंतर दोन महिने मी तेच ओरडत होतो. पंचवटीतल्या आमच्या गल्लीला पाठ झालं असेल. नाना बेसिनवरचा कंगवा उचलून दातांवर फिरवायचे. ऐकू यायचं, समजायचं, हातात ताकदही होती. पण मेंदूला, बहुतेकदा डाव्या बाजूला, इजा झाली की शिकलेल्या हालचालींची जुळणीच बिघडते. हाच अ‍ॅप्रॅक्सिया. त्याला हट्ट म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावा.

काळाराम मंदिरासमोर नानांचे हात आपोआप जुळायचे. घरी ‘नमस्कार करून दाखवा’ म्हटलं की हात अधांतरी. म्हणून हुकूम नको, जागा आणि वेळ रोज तीच ठेवा.

बेसिनवर फक्त ब्रश आणि तांब्या. पेस्ट तुम्हीच लावा.

खरी अडचण सुरुवातीची. समोर उभं राहून हातवारे करू नका, मागे उभे राहा. ब्रश त्यांच्या हातात, तुमचा हात त्यांच्या हातावर. तोंडापर्यंत न्या, पहिले चार-पाच फेरे तुम्हीच द्या. या वेळी बडबड अजिबात नको. हात चालू लागला की पकड सैल करा, मग मनगटाला नुसता आधार, मग तोही काढा. थांबला की पुन्हा धरा.

आधी चुकू देऊन मग सुधारायचं, हा सल्ला मला मिळाला होता. साफ चूक! चुकीची हालचालसुद्धा सरावाने पक्की होते. मी कंगवा तोंडात जाऊ द्यायचो, मग हिसकावून घ्यायचो. नाना चिडून तांब्या आपटायचे. कंगवा कपाटात गेला आणि निम्मं भांडण मिटलं.

उजवा हात लुळा असेल तर डाव्याने करून घ्या. मात्र डावा हातही असाच गोंधळू शकतो.

चूळ भरताना ‘थुंका’ म्हटलं की नानांचे ओठ नुसते हलायचे. शेजारी उभा राहून मी चूळ टाकली की त्यांचीही पचकन बाहेर. पाणी पिताना ठसका लागत असेल तर आधी स्पीच थेरपिस्टला विचारा.

दात जमले म्हणजे शर्टाची बटणं जमतील असं नाही. ती वेगळी, पहिल्यापासून. कुठून सुरू करायचं ते रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून शिकून घ्या.

आणि ब्रशचा रंग बदलू नका. आमच्याकडे तीन वर्षं हिरवाच येतोय.