आजेसासूबाईंच्या मापाचा ओटा

साताऱ्याचं आमचं घर १९६८चं. कडाप्प्याचा ओटा तेव्हाचाच, जेमतेम २८ इंच उंच. आजेसासूबाई ठेंगण्या, त्यांना तो बरोबर होता. मी पाच फूट पाच इंच. पोळ्या होईपर्यंत कंबर धरायची.

सगळं तोडण्याआधी चार दिवस एक प्रयोग केला. ओट्यावर विटा, विटांवर फळी, आणि त्यावर भाजी चिरणं, कणीक मळणं. कोपरापासून चार-पाच इंच खाली हात सुखाने चालतो हे कळलं. माझ्यासाठी ते ३५ इंच निघालं. पण शेगडीची उंची सहा इंच! तिच्यावर कढई ठेवली की आत डोकवायला टाचा उंचवाव्या लागल्या. म्हणून शेगडीचा भाग ३० इंचांवरच ठेवला. गवंडीदादा म्हणाले, "वहिनी, पायरी दिसेल हो." दिसू दे.

सिंकमागची भिंत कायम ओली असायची. दोनदा रंग दिला, दोनदा पोपडे निघाले. फोडल्यावर सापडला गंजलेला लोखंडी पाइप. त्या जागी सीपीव्हीसीचा, म्हणजे न गंजणारा प्लास्टिकचा पाइप टाकला आणि टाइल्स लावण्याआधी रात्रभर पाणी दाबाने भरून ठेवलं. सकाळी एका सांध्यातून थेंब गळत होता, तो तेव्हाच सापडला.

जुना कडाप्पा फेकला नाही, ओट्याखालच्या कप्प्यांना वापरला. ट्रॉल्या फक्त तीन केल्या. डब्यांना कप्पेच बरे. सासूबाई आता मुद्दाम शेगडीच्या बाजूलाच चिरायला बसतात, ती गोष्ट वेगळी.