ससा कपडे कुरतडतो? या चुका टाळा

आपण जमिनीवर बसलेले असतो, ससा शेजारी येतो, पायजम्याचा काठ हुंगतो आणि पापणी लवायच्या आत कात्रीने कापावं तसं अर्धगोल भोक पडतं. सशाचे पुढचे दात इतके धारदार असतात की कापड फाटल्याचा आवाजही येत नाही. माझ्या भुरीने पहिल्या दोन महिन्यांत तीन पायजमे आणि एका स्वेटरची बाही अशीच निकालात काढली. तिला मी ओरडत होते, तोवर काहीच फरक पडला नाही. ती नेमकं कधी कुरतडते हे बघायला लागले, तेव्हा कुठे मार्ग सापडला.

पहिली चूक म्हणजे सगळं कुरतडणं एकच समजणं. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मागचंही त्याला बरंच दिसतं, पण अगदी तोंडासमोरचं दिसत नाही. त्यामुळे नवी वस्तू तो मिशांनी, ओठांनी आणि दातांनी चाचपतो. एखादवेळी हळूच चाटत चाटत शिवणीशी दात लावतो, ती माया असते. एकमेकांचे केस साफ करताना ससे असंच करतात. कापड धरून जोरात खेचतो तेव्हा बहुतेकदा 'बाजूला हो' किंवा मांडीवर असेल तर 'मला खाली सोड' असं सांगत असतो. आणि कंटाळून, एका जागी ठाण मांडून जे कुरतडणं चालतं, ते वेगळंच. चार दिवस लक्ष ठेवा: वेळ कोणती, आपण काय करत होतो, त्याच्यापुढे गवत होतं का? ससे पहाटे आणि संध्याकाळी जास्त चपळ असतात, तेव्हाच उपद्रवही वाढतो.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात: कापड हिसकावून घेणं. एक तर दात धाग्यात अडकून त्याला इजा होऊ शकते. शिवाय ओढाओढ हा त्याच्यासाठी मजेचा खेळ ठरतो. हालचाल थांबवा, तळहात त्याचं तोंड आणि कापड यांच्या मधे हलकेच सरकवा आणि लगेच पुठ्ठ्याचा तुकडा किंवा मूठभर गवत पुढे करा. चावा कातडीला लागलाच तर 'ईं' असा एकच बारीक, तीव्र आवाज काढा. दुखलं की ससेही असेच चिरकतात, त्यामुळे तो आवाज त्याला कळतो.

नाकावर टिचकी मारणं, कान पकडणं, शिक्षा म्हणून पिंजऱ्यात कोंडणं, हे कृपा करून करू नका. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. माराचा संबंध तो कुरतडण्याशी जोडत नाही, तुमच्या हाताशी जोडतो. मग तो जवळच यायचा थांबतो, आणि आपलं हक्काचं घर असलेल्या पिंजऱ्यालाही घाबरू लागतो.

'दात वाढतात म्हणून कुरतडतो, कुरतडू दे' हा समज अर्धाच खरा आहे. सशाला 28 दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलिमीटर. पण ते झिजवायला कापडाचा काही उपयोग नाही. गालाकडचे दात झिजतात ते सुकं गवत जबडा आडवा फिरवून रवंथल्यासारखं चघळताना. म्हणूनच आहाराचा मोठा भाग गवताचाच हवा आणि ते चोवीस तास समोर हवं. दाणेदार खाद्याने लवकर पोट भरतं, तोंड मात्र रिकामं राहतं. भुरीच्या बाबतीत खरी मेख इथेच होती. दाणे कमी करून पुठ्ठ्याच्या खोक्यात गवत खच्चून भरलं आणि खोक्याला भोकं पाडली, तेव्हा संध्याकाळचा तास तिला तिथे पुरायला लागला. सफरचंदाच्या किंवा विलोच्या वाळलेल्या, फवारणी न केलेल्या काटक्याही चालतात. जर्दाळू, आलुबुखार, चेरी यांच्या मात्र नकोत.

जुना टी-शर्ट खेळायला देऊ नका. जुनं कापड आणि नवं कापड हा फरक त्याला कुठून कळणार?

पायजमा ओढला की खाऊ देणं हीसुद्धा शिकवणीच आहे, फक्त उलटी. तोंड कापडापासून दूर असताना, सुरुवातीला दोन-तीन सेकंदांनीच, त्याच्या रोजच्या वाट्यातला एक दाणा द्या आणि हळूहळू वेळ वाढवा. घरातल्या सगळ्यांनी हेच करायला हवं. लक्ष देणं बंद केलं की सुरुवातीला काही दिवस ससा जास्तच खेचतो. तिथे धीर सुटून एकदा जरी खाऊ दिला, तरी तो अधिक जोरात ओढायला शिकतो.

साधारण चार ते सहा महिन्यांचा ससा अचानक चेकाळला असेल, तर वयात येण्याचा तो परिणाम असू शकतो. नसबंदीबद्दल पशुवैद्याशी बोला. बऱ्याच सशांमध्ये त्यानंतर हा जोर ओसरतो. मादी कापडाचे तुकडे तोंडात धरून कोपऱ्यात नेत असेल, छातीचे केस उपटत असेल, तर ती घरटं करते आहे. गर्भ नसतानाही असं होतं. तेव्हा तिला रागावू नका, गवत द्या.

सगळ्यांत महागात पडणारी चूक शेवटी सांगते: तुकडा कुठे गेला हे न बघणं. सशाला उलटी करता येत नाही. गिळलेला धागा, नाडी किंवा कृत्रिम कापड आतड्यात अडकू शकतं. भोक दिसलं की तुकडा शोधा, सापडला तर भोकावर ठेवून जुळवून बघा. नंतर लेंड्यांवर लक्ष ठेवा: बारीक झाल्या का, कमी झाल्या का? ससा 10-12 तास काही खात नसेल किंवा लेंड्याच टाकत नसेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. माणसांची औषधं देऊ नका.

भुरी आता काठ हुंगते आणि खोक्याकडे वळते. बाहीची शिवण अजून अधूनमधून चाटते, ती मी चाटू देते. दात लागले की हात मधे येतो, हे तिलाही ठाऊक आहे.