राक्षसी भोपळ्याला कॅल्शियम: किती, कधी आणि कुठे थांबायचं

सांगलीच्या पलूस-तासगाव पट्ट्यात द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये कॅल्शियम नायट्रेटची पिशवी हमखास सापडते. त्यामुळे कुणी हौसेनं अटलांटिक जायंट हा राक्षसी भोपळा लावला की बांधावरून पहिला सल्ला येतो, ‘कॅल्शियम सोड की!’ सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. कॅनडातल्या हॉवर्ड डिल यांनी तयार केलेल्या या वाणाचं फळ भरात आलं की दिवसाला दहा किलोच्या वर फुगू शकतं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात हाफ मून बे इथं १,२४७ किलोचा भोपळा काट्यावर चढला होता. एवढ्या वेगात पेशींच्या भिंती कच्च्या राहिल्या तर साल तडकते, नाहीतर फुलाच्या टोकाकडून खोलगट, चामड्यासारखी काळी सड लागते.

आधी माती बघा

कृष्णाकाठच्या काळ्या रानाचा सामू (pH) बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास असतो आणि मुक्त चुनाही भरपूर. तिथं वरून आणखी चुना टाकणं म्हणजे फुकटचा खर्च. जावळी-महाबळेश्वरच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत मात्र पावसानं कॅल्शियम धुऊन गेलेलं असतं. तिथं लागवडीआधी दोन-तीन आठवडे शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मातीत मिसळता येतो. मिरज-वाळव्याकडची चोपण (सोडियम साठलेली) जमीन असेल तर जिप्सम, पण निचरा केल्याशिवाय त्याचाही उपयोग नाही. यातलं काहीही अंदाजानं टाकू नका. सातारा जिल्ह्यातल्या बोरगाव किंवा सांगली जिल्ह्यातल्या कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून माती परीक्षण करून घ्या. विहिरीचं पाणीही तपासा. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरत असेल, तर तुमच्या पाण्यातूनच कॅल्शियम जातंय.

पाणी नेमानं द्या

काळ्या रानात कॅल्शियम कमी पडत नाही, फळापर्यंत पोचत नाही. ते मुळातून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून बाष्प जास्त उडतं तिकडे, म्हणजे मोठ्या पानांकडे जातं. एकदा पानात बसलं की तिथून फळाकडे वळत नाही. चार दिवस ताण आणि पाचव्या दिवशी पाट भरून पाणी, असं झालं की पोत्यानं कॅल्शियम टाकूनही भोपळा तडकणारच. ठिबकनं रोज थोडं पाणी द्या, वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही) टिकवा, बुडाशी पाचटाचं आच्छादन करा. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं.

आता मात्रा

मादी फुलाचं परागीकरण ज्या दिवशी केलं ती तारीख वेलीशेजारच्या काठीवर लिहून ठेवा. त्यानंतरचे चार-पाच आठवडे महत्त्वाचे, कारण कोवळं फळच कॅल्शियम नीट घेतं. या काळात आठवड्यातून एकदा एका वेलीला २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट २० लिटर पाण्यात विरघळवून मुळाशी द्या. पिशवीवर यापेक्षा कमी मात्रा असेल तर पिशवीचं ऐका. यात साडेपंधरा टक्के नत्र असतं हे विसरू नका. जास्त झालं की पानंच पानं होतात आणि फळ अवेळी फुगून फाटतं.

फवारायचंच असेल तर लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ४५ ग्रॅम. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. कडा करपल्या नाहीत तरच पुढं जा. फवारणीनं फळाला फारसं मिळत नाही, पण कोवळ्या पानांना मिळतं.

काय कशात मिसळू नये

१२:६१:०० आणि ००:५२:३४ ही फॉस्फेटची खतं असोत, मॅग्नेशियम सल्फेट असो की ००:००:५० हे सल्फेटचं खत, कॅल्शियमबरोबर एका टाकीत नको. फॉस्फेट आणि सल्फेटशी त्याचा साका (न विरघळणारा गाळ) धरतो आणि ठिबकच्या लॅटरल नळ्या चोंदतात. शंका असेल तर काचेच्या ग्लासात दोन्ही खतं टाकीतल्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवा. दुधाळ झालं की समजा जमत नाही. दोन खतांमध्ये दोन दिवसांचं अंतर ठेवा आणि मध्ये साध्या पाण्यानं ठिबक धुवा.

स्वतःला जपा

पिशवी फोडताना हातमोजे, मास्क आणि चष्मा घाला. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पिशवीचं तोंड घट्ट बांधा. ते आगीला जोर देतं, म्हणून डिझेल, कडबा, गोण्या यांच्यापासून दूर ठेवा. कळीचा चुना विरवून त्याची निवळी फवारायचा घरगुती उपाय ऐकायला येतो. तो करू नका. चुना विरताना पाणी उकळून डोळ्यात उडू शकतं, आणि निवळी इतकी तिखट अल्कधर्मी असते की पानं भाजतात. अंड्याची टरफलंही काळ्या रानात विरघळायला तयार नसतात. कंपोस्ट खतात टाका, पण या हंगामात फळाला काही मिळेल ही आशा ठेवू नका.

कधी थांबायचं

पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला, तर जादा कॅल्शियमनं मॅग्नेशियमची वाट अडवलेली असू शकते. कॅल्शियम थांबवा, पान तज्ज्ञाला दाखवा. सड फुलाच्या टोकाकडून नसून मातीला टेकलेल्या बाजूनं असेल, तर ती बहुधा ओलीची आणि बुरशीची, तिला कॅल्शियमचा डोस लागू पडत नाही. फळ नारळाएवढं असतानाच त्याखाली वाळूचा थर किंवा जाड थर्माकोल सरकवा, नंतर ते उचलायला चार माणसं लागतात.