क्रोमियम गेलं कुठे?

गोव्यात एमएस्सीला माझा प्रकल्प होता पाण्यातलं क्रोमियम शोषून घेणारे मणी बनवण्याचा. त्यासाठी मी मडगावच्या बाजारातून सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, सालं आणली. आम्लाने त्यातला चुना काढला, कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढली आणि उरलेलं कायटिन दाट कॉस्टिकमध्ये तापवून कायटोसान केलं. ते दोन टक्के ॲसेटिक आम्लात विरघळवून त्यात बेंटोनाइट माती मिसळली आणि सिरिंजने थेंबथेंब सौम्य कॉस्टिकमध्ये सोडलं. पांढरे मणी तयार झाले.

पहिली खेप ओव्हनमध्ये सुकवली आणि वाया गेली. पाणी जाताना छिद्रांच्या भिंती आत ओढतं, त्यामुळे मणी आक्रसून खड्यासारखे घट्ट झाले. गोठवून निर्वातात सुकवलेले मणी मात्र स्पंजासारखे राहिले. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा झपाट्याने ओढतात, म्हणून डेसिकेटरमधून (कोरडं ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) काढल्याबरोबर वजन करा.

आता मुख्य गोष्ट. आम्लधर्मी पाण्यात कायटोसानच्या अमिनो गटांवर धन प्रभार येतो आणि ते ऋण प्रभाराचं क्रोमेट, म्हणजे क्रोमियमचं पाण्यात विरघळलेलं रूप, धरतात. पण त्याच आम्लात नुसतं कायटोसान विरघळतं, म्हणून ग्लुटराल्डिहाइडने साखळ्या जोडाव्या लागतात. त्यात काही अमिनो गट खर्ची पडतात, तेव्हा ते बेताने घाला.

क्रोमियमच्या पाण्यात मणी ठेवलेल्या माझ्या बाटल्यांत डायफेनिलकार्बाझाइड हे रंग देणारं रसायन घातल्यावर येणारा जांभळा रंग जवळजवळ दिसेनासा झाला. मला वाटलं, काम फत्ते! सरांनी एकच विचारलं, “क्रोमियम गेलं कुठे?” हा रंग फक्त क्रोमियम सिक्स, म्हणजे क्रोमेटमधलं जास्त विषारी क्रोमियम, दाखवतो. एएएसवर, म्हणजे धातू मोजणाऱ्या अणुशोषण यंत्रावर, एकूण क्रोमियम मोजलं, तर बरंचसं पाण्यातच होतं. आम्लात कायटोसानने क्रोमियम सिक्सचं कमी विषारी क्रोमियम थ्री करून टाकलं होतं. विषारीपणा घटला हे खरंच, पण ते शोषण नव्हे. नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्याला आपल्याकडे क्रोमियम सिक्सची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमची २ मिलिग्रॅम, अशी वेगवेगळी आहे. शोषण मांडायच्या लँगम्युअरच्या आलेखावर बिंदू कितीही छान बसले, तरी हा फरक त्यात दिसत नाही.

शुद्ध पाण्यातल्या आकड्यांवरही थांबू नका. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) सांडपाण्यात सल्फेट असतं आणि ते त्याच जागांसाठी भांडतं. तुलनेसाठी मण्यांशिवायची एक बाटली दरवेळी ठेवा. वापरलेले मणी बेसिनमध्ये टाकू नका, वेगळ्या बरणीत साठवा.

एएएसला क्रोमियमचा दिवा आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. नमुने बाहेर पाठवायचे असतील, तर क्रोमियम सिक्स त्याच दिवशी मोजा आणि मगच उरलेल्या पाण्यात नायट्रिक आम्ल घाला.